यादीत नसलेला ब्रश

थोरलीने ब्रशातला एक केस उपटला, चिमट्यात धरला आणि गॅसच्या ज्योतीवर नेला. केस वळला, चुरचुरला, राख होऊन पडला. मग वास आला. न्हाव्याच्या दुकानाला आग लागली तर येईल तसा.

"नायलॉन असतं तर वितळून टोकाला गोळी झाली असती," ती म्हणाली. "हा केस आहे. कुणाच्या तरी अंगावरचा."

"असेल घोड्याचा," मी म्हणाले.

"रंगवाल्याला फोन लाव."

सकाळचे नऊ वाजले होते. अकराला हलाल सर्टिफिकेटचा तपासनीस येणार होता आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंना रंगाच्या दुकानदाराशी बोलायचं होतं. लावला फोन. स्पीकरवर टाकला.

"तो दीड इंची ब्रश, आम्ही नेहमी नेतो तो," थोरली म्हणाली. "त्याचे केस कशाचे असतात हो?"

"अस्सल माल आहे, ताई. प्लॅस्टिकची भानगड नाही त्यात."

"ते कळलं. पण कशाचे?"

"आता कशाचे म्हणजे... डुकराचेच असतात की. सगळ्या भारी ब्रशांचे तेच. का, गळायला लागले का? आणून द्या, बदलून देतो."

थोरलीने फोन टेबलावर अलगद ठेवला, अंडं ठेवावं तसा. मग मैद्याच्या पोत्यावर बसली.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी माझे थोरले दीर गेले आणि घरामागची शेड रिकामी झाली. ते तिथे स्कूटर दुरुस्त करायचे. सांत्वनाला येणारे येऊन संपले, तसं थोरलीने भिंतींवरचं ऑइल खरवडलं, कुणाची तरी जुनी भट्टी आणली आणि खजूर भरलेली बिस्किटं करायला लागली. घरातले पुरुष म्हणाले, करू दे, तेवढाच विरंगुळा. म्हणणाऱ्यांत माझा नवरा पुढे. विरंगुळा म्हणे! दोन भट्ट्या, शहाण्णव ट्रे, हाताखाली चार बाया आणि उन्हाळ्यात शेडचा पत्रा तापला की आत उभं राहणं मुश्किल. असा विरंगुळा त्या शहाण्यांनी एक दिवस करून दाखवावा.

बिस्किट भट्टीत जाण्याआधी त्यावर दुधाचा हात फिरवतात, म्हणजे वर चकाकी येते. नायलॉनचा ब्रश गरम ट्रेला लागला की वितळतो. थोरलीने पहिल्याच वर्षी रंगवाल्याकडचा मऊ ब्रश शोधून काढला. झिजला की तसाच दुसरा. तिची बिस्किटं आरशासारखी चमकायची. बायका विचारायच्या, तुमच्यासारखी चकाकी आमच्याकडे का नाही येत? ती म्हणायची, हात फिरवायचा हलका. आम्ही सगळ्या नमाजी बाया. डुकराचं नाव जेवताना कुणी काढलं तर उठून तोंड धुणाऱ्या. आणि तो ब्रश आम्ही अकरा वर्षं दुधात बुडवत होतो.

हे त्याच दिवशी का उघडं पडलं, तेही सांगते. शेजारची एक मुलगी परदेशी शिकायला गेली, जाताना आमचा एक डबा घेऊन गेली. तिथे एका बाईच्या तोंडाला ती चव लागली. त्या बाईची स्वतःची तीन दुकानं. तिने फोन केला. ती आणि थोरली मोडक्यातोडक्या भाषेत बोलायच्या, तरी दहा मिनिटांत त्यांचं जे ठरायचं ते आमच्या घरात दहा वर्षांत ठरलं नसतं. पहिल्या खेपेला अकराशे चाळीस डबे, मग दर तीन महिन्यांनी तेवढेच. अट एकच, तिच्या देशात चालणारं हलाल सर्टिफिकेट हवं.

सर्टिफिकेट म्हणजे काय हे कळावं म्हणून आम्ही दोघी एका परिसंवादालाही जाऊन आलो. जागतिक हलाल बाजार आणि महिला उद्योजक, असा भलाथोरला फलक. खाली व्यासपीठावर आठ पुरुष. बाई एकच, पुष्पगुच्छ द्यायला. बाजार केवढा मोठा आहे ते एकेकाने हात पसरून सांगितलं. थोरली उठून उभी राहिली, म्हणाली, "एका देशाचं सर्टिफिकेट दुसरा देश मानत नाही. चार देशांना विकायचं तर चार वेळा फी, चार वेळा तपासणी. हे एका शेडवालीने कसं करायचं?" व्यासपीठावरचा म्हणाला, "फार छान प्रश्न." आणि जेवणाची सुट्टी झाली.

मग सल्लागार नेमला. पहिल्या दिवशी आत येऊन इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"तुमच्या पुढ्यात उभे आहेत," थोरली म्हणाली. "पिठाचे हात आहेत म्हणून ओळखलं नाहीत बहुतेक."

त्याने चौसष्ट पानांची फाइल बनवली. मैदा कुठल्या गिरणीचा, तूप कुठल्या डेअरीचं, इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, मिक्सरच्या गिअरमधलं ग्रीस कशाचं. प्रत्येकाचं पत्र. थोरली सातवी शिकलेली. तिने ती फाइल ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचली. आणि त्या सकाळी चौथ्यांदा वाचताना ती फाइल हातात घेऊन शेडभर फिरली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं, मालाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक वस्तूचं मूळ लिहा. खाली सल्लागाराने बारा वस्तू लिहिल्या होत्या. थोरलीने टेबलाला हात लावला, आहे. लाटण्याला लावला, आहे. साचा, आहे. खिळ्याला टांगलेल्या ब्रशाला लावला. नाही.

मी सल्लागाराला फोन केला. तो हसलाच.

"मॅडम, यादीत ब्रश आहे का?"

"नाही."

"मग ब्रश नाहीच. फेका, नवा आणा आणि गप्प बसा. तपासनीस यादी बघून तपासतो."

"आणि तयार माल? अकराशे चाळीस डबे सीलबंद आहेत."

"डब्यावर केस उगवलेत का मॅडम?"

मला त्याचं पटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या नवऱ्याने महिन्यापूर्वीच थोरलीला तोंडावर सांगितलं होतं, "वहिनी, हा माल बाहेर गेला तर शेड तुमची. नाही गेला तर टाइल्सवाला गोदामासाठी मागतोय, त्याला देऊन टाकू." थोरल्या दिरांच्या मागे शेडवर नाव त्याचं. थोरलीकडे होती ती फक्त मेहनत, आणि मेहनतीचा सातबारा कुठे निघत नाही.

"ताई, मी सिलिकॉनचा ब्रश आणते," मी म्हणाले. "पंधरा मिनिटांत येते. तो जुना जाळून टाक."

"आण," ती म्हणाली.

मी धावत गेले, धावत आले. नवा ब्रश खिळ्याला लागला. जुना ब्रश थोरलीने एका ताटलीत ठेवून वर फडकं टाकलं होतं. मला वाटलं, जाळायला वेळ मिळाला नाही, नंतर जाळेल. शेडमध्ये जळक्या केसांचा वास तसाच होता. मी पंखा लावला, खिडक्या उघडल्या, शेवटी मावशींना वेलची कुटायला बसवलं. मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी कामवाली, एका कानाने बहिरी आणि जिभेने दोघींना पुरेल अशी.

तपासनीस बरोबर अकराला आला. चाळिशीचा, किडकिडीत माणूस, हातात रुमाल, सर्दीने बेजार. मी मनात म्हटलं, अल्लाहनेच पाठवली ही सर्दी.

"साहेबांना चहा देऊ?" मावशींनी मला मोठ्याने विचारलं. "की चहालापण सर्टिफिकेट लागतं?"

तो हसला, शिंकला आणि कामाला लागला. माणूस खमक्या होता, कबूल करते. आडवा झोपून मिक्सरच्या पोटात टॉर्च टाकली. इसेन्सच्या बाटल्यांवरचे नंबर पत्रांशी ताडून बघितले. नाली कुठे जाते, उंदरांचं काय करता, बाया हात कुठे धुतात, डब्याचा डिंक कुठला. तो विचारायचा, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत थोरली सांगायची, कप्पा तिसरा, पान बावीस. दोन तास असं चाललं. मी आयुष्यात बऱ्याच शिकलेल्या माणसांना सातवी शिकलेल्या बाईशी बोलताना पाहिलंय. कानाने ऐकतात, डोळ्यांनी घड्याळ बघतात. हा माणूस अर्ध्या तासानंतर तिला 'मॅडम, हे कसं करता?' असं विचारायला लागला, आणि उत्तरं लिहून घ्यायला लागला.

शेवटी तो खुर्चीत बसला. पेन उघडलं.

"मोठमोठ्या कारखान्यांत असं बघायला मिळत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडून हरकत नाही. इथे तुमची सही."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मावशींना ऐकू आलं नव्हतं, तरी माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी दोन्ही हात वर केले.

"थांबा साहेब," थोरली म्हणाली.

ती आत गेली, ताटली घेऊन आली, त्याच्यासमोर ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

"हा तुमच्या यादीत नाही," ती म्हणाली. "डुकराच्या केसांचा आहे. आम्हाला आज सकाळी कळलं. तयार मालावर हाच फिरलाय."

मला थोरलीचा गळा धरावासा वाटला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात कौतुक वगैरे काही नव्हतं. नुसता संताप होता.

तपासनीस ब्रशाकडे बघत राहिला. हात लावला नाही.

"मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून सांगितलं. विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं."

"मॅडम, तुम्हाला कळतंय ना? मला आता सही देता येणार नाही."

"कळतंय."

"किती दिवस वापरताय?"

"अकरा वर्षं."

त्याने पेनचं टोपण लावलं. नाक पुसलं. मग हळू आवाजात म्हणाला, "अकरा वर्षांचं माझ्या फॉर्ममध्ये काही नाही. तो तुमचा इथल्या गिऱ्हाइकांना विकलेला माल. मला फक्त बाहेर जाणारा बघायचा असतो."

"तुमच्या फॉर्ममध्ये नसेल," थोरली म्हणाली. "माझ्या डोक्यात आहे ना."

त्याने काय करायचं ते सांगितलं. तयार माल हलाल म्हणून जाणार नाही. ब्रश लागलेली प्रत्येक वस्तू सात वेळा धुवायची. पहिल्यांदा स्वच्छ माती कालवलेल्या पाण्याने, मग सहा वेळा नुसत्या पाण्याने. लाकडाची असेल ती टाकून द्यायची, लाकूड पाणी पितं, त्याची खात्री कुणी देत नाही. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा तपासणी. दोन महिने तरी धरा. जाताना तो दारात थांबला.

"वीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "लोक माझ्यापासून लपवतात, मी शोधतो. कुणी ताटलीत घालून आणून दिलं नव्हतं." आणि मान लववून गेला. एवढा मोठा माणूस, पण कागदावर त्यालाही काही करता येत नव्हतं.

मी थोरलीवर ओरडले. काय काय बोलले ते आता लिहिणार नाही. ती ऐकत राहिली आणि माझं संपल्यावर म्हणाली, "विक्रीची खिडकी उघड. पाच वाजता गिऱ्हाईक येईल."

"विकायला काय आहे आपल्याकडे?"

"विकायचं नाही. सांगायचंय."

मी म्हणाले, पाटी लाव. ती म्हणाली, "पाटी वाचून लोक मान वळवून निघून जातात. अकरा वर्षं मी त्यांच्या हातात पुडा दिलाय. आता तोंडानेच सांगते."

आणि पाचपासून ती खिडकीत उभी राहिली. येईल त्या प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत. ब्रश डुकराच्या केसांचा होता, मला माहीत नव्हतं, चूक माझी. कुणी म्हणालं, अगं, अजाणता झालं, त्याचं काय एवढं. कुणी अंगावर पाल पडल्यासारखं मागे सरलं. एक निवृत्त मास्तर दहा मिनिटं भाषण देऊन गेले आणि जाताना सवयीने म्हणाले, "अर्धा किलो बांधा." मावशी तोंडावर पदर घेऊन हसल्या. एका पोरगेल्या बाईने तर तिथल्या तिथे मोबाइल काढून सगळ्या गल्लीला कळवलं. थोरली तिला म्हणाली, "बरं केलंस. जे आज येणार नाहीत त्यांनाही कळेल."

सगळ्यात शेवटी शिवणवाली आली. पलीकडच्या गल्लीत ब्लाउज शिवते, कमी बोलते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी आई शेवटच्या दिवसांत काही खात नव्हती. पाणीसुद्धा गिळत नव्हती. तुझं बिस्किट दुधात भिजवून भरवलं, तेवढं गेलं पोटात. शेवटचा घास तोच."

थोरलीने खिडकीची चौकट धरली.

"तिला मी काय भरवलं गं?" शिवणवालीने विचारलं.

मला वाटलं, आता ही कोसळणार. काहीतरी बोल, माफी माग, रड तरी. थोरलीने खिडकीच्या चौकटीला धरलं होतं आणि शिवणवालीच्या डोळ्यांत बघत होती. मान खाली घातली नाही. ते बघणं मी विसरणार नाही. पुढचा माणूस जे काही देईल ते सगळं घ्यायला उभी होती ती. मग शिवणवाली निघून गेली. ती पुन्हा खिडकीत आली नाही. आजतागायत नाही.

त्या संध्याकाळी माझा राग गेला. कुठे गेला ते मला कळलं नाही. मी आजवर धीट बायका पाहिल्या होत्या, भांडणाऱ्या पाहिल्या होत्या, मीही त्यांतलीच. पण आपल्याच तोंडाने आपली अकरा वर्षं अशी सुटी करून लोकांच्या हातात देणारी पाहिली नव्हती. तिच्या शेजारी उभं राहताना मला उंच डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा शेडमध्ये आला. "वहिनी, स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतलात पायावर. कोण विचारत होतं? बाईमाणसाला धंद्यातलं..."

"तू गप्प बस," मी म्हणाले.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. पहिल्यांदाच म्हणाले. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू कपाट बोललं. मग म्हणाला, "ऑर्डरचं काय ते चार दिवसांत कळवा. टाइल्सवाला थांबणार नाही."

थोरलीने त्या परदेशी बाईलाही सगळं लिहून कळवलं. काही न लपवता. दोन महिने थांबाल का, असं विचारलं. डबे एका दुसऱ्या धर्माच्या दुकानदाराने ऐकूनसवरून घेतले. "आम्हाला काय त्याचं, बिस्किट झकास आहे," म्हणाला. तरी थोरलीने प्रत्येक डब्यावरून आपलं लेबल सोलायला लावलं. अकराशे चाळीस लेबलं. आमच्या नखांत डिंक राहिला.

आणि चौथ्या दिवशी धुणं. लाकडी टेबल आम्ही पाचजणींनी उचलून रस्त्यावर ठेवलं, भंगारवाला घेऊन गेला. माती मागच्या अंगणातली, कुदळीने खोल खणून काढलेली.

"जन्मभर मैदा चाळला," मावशी जुन्या चाळणीत माती हलवत म्हणाल्या, "आता हे. बघ गं, गाठी आहेत का."

शहाण्णव ट्रे. एकेक ट्रे सात वेळा. अंगणात बादल्यांची रांग लागली. एक म्हणत मातीचं पाणी चोळायचं, ओतायचं, मग दोन, तीन म्हणत नुसतं पाणी. थोरली चोळायची, मी पाणी ओतायचे, मोजायचं दोघींनी. धुतलेले ट्रे भिंतीला टेकवून उन्हात ठेवत गेलो. दुपारपर्यंत अख्खी भिंत चांदीची झाली.

शेवटच्या ट्रेवर आलो तेव्हा फोन वाजला. संदेश होता. थोरलीने ओला हात पदराला पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि ओठ हलवत वाचला. मला दिला. त्या बाईने लिहिलं होतं, तुमच्यासारखं कुणी मला आजवर लिहिलं नाही. पण माझ्या दुकानात माल हवाय, मला थांबता येत नाही. एका मोठ्या कारखान्याशी ठरवलं. मला माफ करा.

मी दोनदा वाचला. शेड गेली, एवढंच डोक्यात येत होतं. टाइल्सच्या खोक्यांनी भरलेली शेड मला दिसायला लागली. मावशींनी विचारलं, "काय गं, काय म्हणते?"

थोरली ट्रेकडे बघत होती. तो तिच्या हातात होता, पाणी निथळत होतं, ऊन त्याच्यावरून सरकत होतं.

"कितवं झालं हे?" तिने विचारलं.

"सहावं," मी म्हणाले. "राहू दे ना ताई आता. कुणासाठी?"

"ट्रे माझेच आहेत ना अजून," ती म्हणाली. "सहावं? नक्की?"

मी आठवून बघितलं. फोन वाजला तेव्हा पाचवं चाललं होतं की सहावं संपलं होतं? मला सांगता येईना. मी खोटं बोलू शकले असते. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. नक्की नाही.

थोरलीने मातीची बादली पायाने जवळ ओढली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि तो लखलखीत ट्रे पुन्हा चिखलाने माखायला लागली.

"एक," ती म्हणाली.